एक इंचाचं ताट, त्यातली पुरणपोळी: मिनिएचर स्वयंपाकघर कसं करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: यंदा गौरी-गणपतीसमोर जुन्या वाड्यातल्या स्वयंपाकघराचा छोटा देखावा मांडायचा आहे. चूल, पाटा-वरवंटा, मांडणीवरची भांडी आणि पुढ्यात नैवेद्याचं ताट. बाजारातून आणलेल्या एअर-ड्राय क्लेच्या पोळ्या करून पाहिल्या, तर वाळल्यावर त्यांना चिरा गेल्या आणि रंगवल्यावर त्या प्लास्टिकच्या खेळण्यासारख्या दिसायला लागल्या. माती कोणती घ्यावी, मापं कशी धरावीत, रंग कसा द्यावा आणि नऊ वर्षांच्या मुलीला या कामात कितपत सामील करून घेता येईल?

मातीचा प्रश्न तुम्ही पहिला विचारलात, पण मी मापापासून सुरुवात करते. पोळी खेळण्यासारखी दिसण्याचं खरं कारण बहुतेक वेळा रंगात नसतं, ते जाडीत असतं.

मिनिएचर करणारे जगभर सर्वांत जास्त वापरतात ते प्रमाण १:१२. एक फूट म्हणजे एक इंच, त्यामुळे हिशेब सोपा जातो. विंडसर कॅसलमध्ये असलेलं राणी मेरीचं बाहुलीघर याच प्रमाणात आहे. नवी दिल्लीची आखणी करणाऱ्या एडविन ल्यूटन्स यांनी त्याची रचना केली आणि ते १९२४ मध्ये पूर्ण झालं. त्यात विजेचे दिवे लागतात आणि नळाला पाणी येतं. आपल्याकडे लहान वस्तूंची परंपरा मोठी आहे, पण तिचा हिशेब निराळा. भातुकलीची भांडी मुलांच्या हातात मावतील अशी केलेली असतात. त्यातला बंब, कढई आणि पोळपाट एकमेकांशी मोजूनमापून जुळतीलच असं नाही, आणि तशी गरजही नसते. दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज मोठे आणि मावळे लहान असतात, कारण तिथे मान महत्त्वाचा. हे दोन्ही प्रकार मला अतिशय प्रिय आहेत, पण तुमच्या देखाव्यात भातुकलीतला पितळी हंडा आणून ठेवलात तर शेजारची चूल लगेच खोटी वाटायला लागेल. एकदा १:१२ धरलं की सगळंच १:१२.

म्हणून आधी घरातल्या खऱ्या वस्तू टेपने मोजा, मिलिमीटरमध्ये लिहा आणि बाराने भागा. ३० सेंटिमीटरचं ताट २५ मिलिमीटरचं होतं, म्हणजे १० रुपयांच्या नाण्यापेक्षा (ते २७ मिलिमीटरचं असतं) किंचित लहान. २० सेंटिमीटरची पुरणपोळी १७ मिलिमीटरची. साडेसात सेंटिमीटरची वाटी ६ मिलिमीटरची. ५ सेंटिमीटरचा उकडीचा मोदक जेमतेम ४ मिलिमीटरचा. ४२ सेंटिमीटर व्यासाचं जातं ३५ मिलिमीटर. सहा फुटी दार सहा इंचांचं. आता जाडी बघा. पुरणपोळी भरलेली असली तरी तिची जाडी तीन-चार मिलिमीटर असते. बाराने भागलं की पंचवीस-तेहतीस शतांश मिलिमीटर उरतात, जवळपास व्हिजिटिंग कार्डाएवढी जाडी. तुम्ही लाटलेली पोळी बहुधा दीड-दोन मिलिमीटर जाड झाली असेल. खऱ्या मापात ती दोन सेंटिमीटर जाड भाकरीच्या वर गेली! डोळ्याला ही चूक नेमकी सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं आणि आपण रंगाला दोष देतो. ताटाची कड, पाटाची फळी, दाराची चौकट, सुपाचा काठ, सगळीकडे हेच तपासा. जाडी मोजायला एक साधा व्हर्नियर कॅलिपर घ्या. महागाच्या हत्यारांच्या संचापेक्षा तो जास्त कामाला येतो.

आता माती. मी खाद्यपदार्थांना एक, भांड्यांना दुसरी आणि भिंतींना तिसरी माती वापरते. एकाच मातीत सगळं करायचा हट्ट धरू नये.

मुलांसाठी मिळणारी मऊ, स्पंजसारखी हलकी क्ले बारीक कामाला चालत नाही. तिला धारदार कड येत नाही आणि सुईने काढलेली रेघ वाळता वाळता भरून येते. पाण्यावर मळलेल्या दुसऱ्या एअर-ड्राय मातीत चिरा जातात त्या अशा: वरचा थर आधी सुकून आकसतो, आतला ओला थर अजून तेवढाच असतो, आणि ताण सहन न होऊन वरचा थर फाटतो. म्हणून पंख्याखाली किंवा उन्हात वाळवणं म्हणजे चिरांना आमंत्रण. वस्तूवर वर्तमानपत्राचा कागद झाकून सावलीत हळू वाळू द्या, अधूनमधून उलटा. जाड वस्तू असेल तर आत ॲल्युमिनियम फॉइलचा घट्ट गोळा घाला आणि वरून मातीचा पातळ थर द्या, म्हणजे आकसायला मातीच कमी राहते. चीर गेलीच तर तीच माती फेविकॉल आणि पाण्यात पातळ करून भरा.

पदार्थांसाठी माझी पसंती कोल्ड पोर्सिलेनला आहे. नाव भारी असलं तरी ही घरी शिजवायची गोष्ट आहे. एक वाटी कॉर्नफ्लोअर, एक वाटी पांढरा फेविकॉल, दोन चमचे बेबी ऑइल आणि दोन चमचे लिंबाचा रस किंवा व्हिनेगर. जुन्या नॉनस्टिक भांड्यात मंद आचेवर सतत ढवळत राहायचं. आधी गुठळ्या होतात, घाबरू नका. मग गोळा कडा सोडायला लागतो, तेव्हा उतरवायचं. जास्त शिजलं तर ते रबरासारखं होऊन पुढे तुटतं. हाताला थोडं क्रीम लावून गरम असतानाच उकडीसारखं मळा, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळा आणि दुसऱ्या दिवशी वापरायला घ्या. ते भांडं आणि चमचा पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

या मातीचे दोन स्वभाव लक्षात ठेवा. एक, वाळताना ती आकसते, आणि किती आकसते हे प्रत्येक घाण्याला वेगळं असतं. त्यामुळे नवीन गोळा केला की बरोबर ५० मिलिमीटरची पट्टी कापून वाळवा आणि पुन्हा मोजा. ४४ भरली तर तुमच्या घाण्याचं आकसणं १२ टक्के. मग १७ मिलिमीटरच्या पोळीसाठी कच्ची पोळी १९ मिलिमीटरची कापायची. दोन, वाळल्यावर ती थोडी पारदर्शक आणि गडद होते. पोळी, भात, दही यांसाठी म्हणून सुरुवातीलाच थोडा टायटॅनियम व्हाइट मळून घ्यायचा आणि हवा त्यापेक्षा फिकट रंग धरायचा. उकडीचा मोदक आणि साबुदाण्याची खिचडी यांना मात्र पांढरा रंग अजिबात घालू नका. उकडीची ती किंचित दुधी, आरपार झाक या मातीत आपोआप येते, दुसऱ्या कुठल्याही मातीत ती इतकी सहज मिळत नाही.

पॉलिमर क्ले हा दुसरा उत्तम पर्याय. ती पीव्हीसीपासून केलेली असते, आकसत जवळजवळ नाही, आणि ओव्हनमध्ये भाजेपर्यंत मऊ राहते, म्हणजे घाई नसते. भाजण्याचं तापमान बहुतेक प्रकारांना ११० ते १३० अंश सेल्सिअस. पाकिटावर दिलेलं असतं, तेच पाळा. ओटीजीची खुंटी सांगते ते तापमान आणि आतलं खरं तापमान यांत बराच फरक असू शकतो, म्हणून ओव्हनचा वेगळा थर्मामीटर आत ठेवा. ही क्ले जळली तर झोंबणारा, घातक वायू निघतो. खिडकी उघडी हवी, मायक्रोवेव्ह चालत नाही, आणि शक्य असेल तर या कामाला वेगळा जुना ओटीजी ठेवावा. तुमच्या देखाव्यासाठी ही खटपट करायची गरज आहे असं मला वाटत नाही. कोल्ड पोर्सिलेन पुरेल.

आता पोळी लाटू. काचेचा तुकडा किंवा गुळगुळीत टाइल खाली घ्या. मातीच्या गोळ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक व्हिजिटिंग कार्ड ठेवा, वर प्लास्टिकचा कागद, आणि पेनाच्या नळीने लाटा. नळी कार्डांवर टेकली की जाडी बरोबर आली. पोळी साच्याने कापू नका. साच्याची पोळी बिस्किटासारखी काटेकोर गोल येते. छोटा गोळा चपटा करून लाटला की कड जराशी वेडीवाकडी येते आणि तीच हवी असते. एखाद्या पोळीची कड सुईने अगदी थोडी उसवा आणि आतून गडद पिवळं पुरण दिसू द्या.

रंग देताना लिंबासारखा पिवळा हातात घ्यायचाच नाही. मातीतच यलो ऑकर, पांढरा आणि बर्न्ट सिएनाचा कण मळून घ्या. वाळल्यावर भाजल्याचे डाग द्यायचे ते ओल्या रंगाने देऊ नयेत. ड्राय पेस्टलची कांडी ब्लेडने खरवडून पूड करा, आणि कोरड्या मऊ ब्रशने आधी फिकट तपकिरी, मग त्याच्या आतल्या भागात गडद, मग सुईच्या टोकाएवढा काळपट, असे तीन थर द्या. डाग कुठे येतात हे खऱ्या पोळीकडे बघून ठरवा. पोळी फुगून तव्याला टेकते तिथेच ती भाजते, त्यामुळे डाग मधल्या भागात पुंजक्याने येतात, कडेला कमी. सगळीकडे सारखे ठिपके दिलेत तर ती बिबट्याची कातडी होते. तूप सर्वांत शेवटी: ग्लॉस वॉर्निशचा एक थेंब, थोडासा पिवळसर करून, पोळीच्या मधोमध. बाकीची पोळी मॅट ठेवायची.

चकाकीबद्दल इथेच सांगते, कारण नवशिक्यांचं काम सर्वांत जास्त इथे बिघडतं. वस्तू पूर्ण झाली की सगळ्या ताटावर ग्लॉस वॉर्निश फिरवायचा मोह होतो. मग भात चमकतो, भाकरी चमकते, चटणी चमकते, आणि ताट फ्रिजवर लावायच्या चुंबकासारखं दिसतं. खऱ्या ताटात चकाकी मोजक्या ठिकाणी असते: आमटीचा तवंग, तूप, लोणच्याचा खार, श्रीखंडाचा किंचित ओला पृष्ठभाग. भात मॅट, पोळी मॅट, कोशिंबीर अर्धवट, पापड पूर्ण कोरडा. दोन वॉर्निश घ्या, एक ग्लॉस आणि एक मॅट, दोन्ही पाण्यात विरघळणारे ॲक्रिलिक. नेलपॉलिश वापरू नका, पॉलिमर क्लेवर तर मुळीच नाही. ती काही दिवसांनी चिकट होते आणि मग धूळ कायमची बसते.

भाताची मूद करायला लोक रवा किंवा खसखस चिकटवतात. दाण्याचं माप १:१२ ला बरोबर बसतं हे खरं, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याला कीड लागते आणि मुंग्या वाट शोधत येतात. दोनचार दिवसांच्या देखाव्याला चालेल. वर्षानुवर्षं जपायचं असेल तर माती चहाच्या गाळणीतून दाबून तिचे धागे काढा, वाळवा आणि ब्लेडने बारीक कापा. तेच कण मुदीवर फेविकॉलने चिकटवा, शेंड्यावर वरणाचा पिवळा ओघळ द्या. न कापलेल्या धाग्यांची कुरडई होते. कोथिंबिरीसाठी हिरव्या मातीचा वाळलेला गोळा बारीक किसणीवर घासला की काम झालं. दोन वेगळ्या हिरव्या छटा मिसळा, एकाच हिरव्यात ती चटणीच्या भुकटीसारखी दिसते. मोदकाला चार मिलिमीटरमध्ये एकवीस कळ्या पाडण्याचा प्रयत्न करू नये. सुईच्या पाठीने आठ-नऊ रेघा शेंड्याकडे ओढल्या की डोळा उरलेल्या कळ्या स्वतः पुऱ्या करतो.

आमटी, कढी, खीर यांना यूव्ही रेझिन (यूव्ही दिव्याच्या प्रकाशात कडक होणारा पारदर्शक द्रव) सोयीचं. रंग अगदी थेंबभर घाला. गडद, अपारदर्शक रंगातून यूव्ही प्रकाश आत जात नाही, वरून कडक आणि खालून चिकट असं होतं. वाटी एकदम न भरता दोन-तीन पातळ थरांत भरा आणि प्रत्येक थर दिव्याखाली पक्का करा. आमटीत आधी गाळणीतून पडलेले मातीचे कण टाका, म्हणजे ती डाळीची वाटेल, नुसतं रंगीत पाणी वाटणार नाही. तर्रीसाठी सर्वांत वर लाल-केशरी ग्लास कलरचा पातळ पापुद्रा. रेझिन कच्चं असताना त्वचेला लागू देऊ नका; हातमोजे घाला, खोली हवेशीर ठेवा.

ताट वाढताना डावं-उजवं विसरू नका. मीठ वर मधोमध, डावीकडे लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी, खाली भात आणि पोळी. गौरीचं ताट बघायला येणाऱ्या आज्या आणि मावश्या माप मोजणार नाहीत, पण चटणी उजवीकडे दिसली तर त्यांच्या नजरेतून सुटणार नाही. हा देखावा त्यांच्यासाठीही आहे, तेव्हा प्रत्येक वाटीत काय आहे हे तुम्हाला नावाने सांगता आलं पाहिजे.

भांड्यांवर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण स्वयंपाकघराचा जुनेपणा तिथून येतो. सोनेरी रंग लावून पितळ दिसत नाही. मेटॅलिक रंगातले चमकीचे कण या मापाला फार मोठे असतात, आणि पितळ वाटण्याऐवजी सोनेरी चुरा दिसतो. खरं पितळ आणि खरं तांबंच वापरा. दशांश मिलिमीटर जाडीचा तांब्याचा पत्रा साध्या कात्रीने कापता येतो. तो गॅसवर लालसर होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवला की मऊ पडतो. ताटासाठी २९-३० मिलिमीटरची चकती कापा, मधोमध २०-२२ मिलिमीटरचं नाणं ठेवा, आणि लाकडी काडीने कड हळूहळू वर उचलत गोल फिरत राहा. पाच-सहा फेऱ्यांत काठ उभा राहतो. परात, तवा, झाकण्या अशाच होतात. खोलगट वाट्यांना कानातल्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळणाऱ्या, नक्षी नसलेल्या मण्यांच्या टोप्या घ्या आणि तळाचं भोक मातीने बुजवा. कळशी, तांब्या यांसारखे बाहेर फुगीर आणि गळ्याशी अरुंद आकार पत्र्यात जमायला सराव लागतो. ते एम-सील किंवा तत्सम इपॉक्सी पुट्टीत घडवा, वाळल्यावर ४०० आणि मग १००० नंबरच्या पॉलिशपेपरने घासा. पुट्टी कालवतानाही हातमोजे हवेत.

एक गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात: पितळेच्या आणि तांब्याच्या स्वयंपाकाच्या भांड्यांना आतून कल्हई असायची. पातेलं बाहेरून पिवळं, आतून चंदेरी. आतल्या बाजूला जस्ती, मंद चंदेरी रंगाचा हात द्या आणि काठाला कुठेकुठे पितळ दिसू द्या, कारण कल्हई आधी काठाशी उडते. चुलीवर चढणाऱ्या भांड्याचा तळ काळा, आणि काळेपणा एका बाजूने थोडा वर चढलेला, जिकडून ज्वाळ लागते तिकडे. पाण्याच्या हंड्याला काळं नको, तो चुलीवर जात नाही. स्टीलचं एकही भांडं ठेवू नका. ज्या काळातलं घर तुम्ही दाखवताय, त्या काळाशी प्रत्येक वस्तू जुळली पाहिजे.

पुण्यात असाल किंवा येणं होणार असेल, तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक अख्खी दुपार काढा. दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी, कोरीव दारं, रोजच्या वापरातल्या वस्तूंचा इतका जिव्हाळ्याने जमवलेला संग्रह क्वचित दिसतो. दिनकर केळकरांनी तो आपल्या लहानपणी गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभा केला. तिथे फक्त बघू नका; वहीत चित्रं काढा, कडी कुठे जोडली आहे, नळी कशी वळली आहे, झिजलं कुठे आहे ते टिपा. कोकणात जाणं झालं तर सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी फळं आणि भाज्या बघा. आंब्याचा पिवळा रंग देठाकडे हिरव्यात कसा विरत जातो, वांग्याच्या जांभळ्यावर उजेडाचा फिकट पट्टा कुठे सोडलाय, हे त्या रंगकामातून शिकता येतं आणि आपल्या चार मिलिमीटरच्या वांग्यालाही लागू पडतं.

भिंती आणि जमीन यांत वेळ कमी लागतो. २०१८ पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, आणि तसाही तो या कामाला कच्चाच. जाड पुठ्ठा किंवा एमडीएफ (लाकडाच्या भुशाची दाबून केलेली फळी) घ्या. त्यावर शाडू, कागदाचा लगदा आणि फेविकॉल यांचं लिंपण द्या. इथे बारीक चिरा गेल्या तर जाऊ द्या, मातीच्या भिंतीला त्या शोभतात. सारवलेल्या जमिनीला मात्र मन लावून हात द्या. सारवणारी बाई एका जागी बसून हात फिरवते, त्यामुळे जमिनीवर अर्धगोल उमटतात; आपल्या मापात साडेतीन-चार सेंटिमीटर त्रिज्येचे, आणि बोटांच्या रेघा दीड मिलिमीटर रुंदीच्या. ओल्या लिंपणावर कडक, विरळ केसांचा ब्रश तसाच फिरवा. रंग रॉ अंबर आणि किंचित हिरवट. हे अर्धगोल दिसले की बघणारा काही न सांगता खाली वाकतो.

चुलीच्या मागच्या भिंतीवर काजळी काळ्या पेस्टलच्या पुडीने, खाली अरुंद आणि वर रुंद होत गेलेली. चुलीला वैल, म्हणजे बाजूला जोडलेलं दुसरं तोंड, विसरू नका. राखेसाठी पेस्टलचीच करडी पूड चालते. शेजारी फुंकणी, चार काटक्या (खऱ्या, तुळशीच्या वाळलेल्या बारीक फांद्या उत्तम, गाठीही मापात येतात). सुपासाठी बांबूच्या जुन्या चटईतून निघालेल्या सळ्या ब्लेडने उभ्या चिरून विणाव्या लागतात. शिंक्याला शिवणाचा दोरा जाड पडला तर त्याचा एकच पदर सुटा करा. आणि दोरा, कापड यांना मापाप्रमाणे वजन नसतं, ते ताठ राहतात. फेविकॉलच्या पाण्यात बुडवून, हवा तसा ओघळ देऊन वाळवलं की लोंबणारं शिंकं खरोखर लोंबतं.

दिव्याबद्दल: चुलीत एक नारिंगी आणि एक वॉर्म व्हाइट एलईडी, दोन्ही राखेखाली लपवलेले. देखावा पाच-सात दिवस चालू ठेवायचा तर गोल बटण-सेल पुरणार नाहीत. मोबाइलचा ५ व्होल्टचा चार्जर घ्या आणि प्रत्येक एलईडीला २२० ओहमचा रेझिस्टर जोडा. जोडणीवर इन्सुलेशन टेप हवीच. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये १:१२ च्या ६८ थॉर्न मिनिएचर खोल्या आहेत. त्यांचा जिवंतपणा बराचसा उजेडामुळे आहे: खोलीच्या दारा-खिडक्यांतून पलीकडची दुसरी जागा अर्धवट दिसते आणि उजेड तिकडून आत येतो. तुम्हीही मागच्या भिंतीत एक दार अर्धं उघडं ठेवा, त्यापलीकडे दोन इंचांवर फिकट रंगाचा पुठ्ठा आणि त्याला लपवलेला एक दिवा, झालं परसदार. जमलं तर उंबऱ्यापलीकडे तुळशीवृंदावनाची फक्त कड दिसू द्या. पूर्ण वृंदावन करायची गरज नाही.

मांडताना देखावा टीपॉयवर ठेवू नका, वरून सगळे भांड्यांच्या तोंडात बघतात. देखाव्यातल्या पाटावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांना जेवढं दिसेल तेवढ्या उंचीवर, म्हणजे बघणाऱ्याच्या नजरेच्या थोडं खाली तो आला पाहिजे. बायका उभ्यानेच हळदीकुंकू घेऊन जातात हे धरून उंची ठरवा. पुढे ॲक्रिलिकचा पारदर्शक पत्रा लावा, कापूर-उदबत्तीची काजळी आणि लहान मुलांची बोटं दोन्ही थांबतात.

वेळेचा हिशेब आत्ताच करा. भाद्रपदात हवा दमट असते, कोल्ड पोर्सिलेन वाळायला उन्हाळ्याच्या दुप्पट वेळ घेते आणि नीट न वाळलेल्या तुकड्यावर बुरशी येते. पदार्थ शक्यतो पावसाच्या आधी करून ठेवा, मातीत मळतानाच लवंगेच्या तेलाचे दोन थेंब टाका, आणि हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. उत्सव झाल्यावरही तसंच. पॉलिमर क्लेचे कच्चे गोळे मात्र साध्या पातळ, कडक प्लास्टिकच्या डबीत ठेवू नका, तिच्यातला तेलकट अंश अशा डब्या विरघळवतो; बटर पेपरमध्ये गुंडाळा.

आता तुमची मुलगी. नऊ वर्षांच्या मुलीला यात खूप काम आहे. मापं मोजून बाराने भागायचं काम सगळं तिच्याकडे द्या, तिचा भागाकार पक्का होईल आणि कोणती वस्तू किती मिलिमीटरची याची वही तीच सांभाळेल. लाडू वळणं, लिंपण, सारवण, कोथिंबीर किसणं, काटक्या निवडणं हेही तिचं. मुलांची बोटं बारीक असतात, चार मिलिमीटरचा लाडू त्यांना आपल्यापेक्षा छान वळता येतो. ब्लेड, गॅस, रेझिन, इपॉक्सी, ओटीजी आणि सोल्डरिंग तुमच्याकडे. घरात तिच्याहून लहान भावंड असेल तर काम झाल्यावर प्रत्येक वाटी आणि लाडू मोजून डब्यात टाका, कारण हे तुकडे तोंडात सहज जातात.

सुरुवात अख्ख्या स्वयंपाकघरापासून करू नका. या आठवड्यात फक्त २५ मिलिमीटरचं एक ताट, त्यात एक मूद आणि एक पोळी करा. पोळीची जाडी कॅलिपरने मोजा. अर्ध्या मिलिमीटरच्या आत आली की पुढच्या वाटीला हात घाला.